दाब, धर, सोड

१

धर्मपाल मेश्रामची सगळी हयात ब्रेक दुरुस्त करण्यात गेली होती. रायपूरच्या रेल्वे कारखान्यात मालगाडीचे डबे यायचे, आणि चाकांवर घासणारे लोखंडी ठोकळे बदलणं, वाकलेले दांडे सरळ करणं, गळती शोधणं हे त्याचं रोजचं काम. म्हणूनच भनपुरीच्या चौकात त्याची स्वतःची छोटी लाल गाडी वेळेवर थांबली नाही, तेव्हा त्याला भीतीपेक्षा अपमानच जास्त वाटला.

झालं होतं ते असं. रायपूर राजधानी झाल्यापासून कुणा ना कुणा मंत्र्याचा ताफा निघायचा, आणि पोलीस शिट्ट्या फुंकत वाटेल तिथे रस्ता अडवायचे. त्या दिवशी पुढचा सळया भरलेला ट्रक असाच मध्येच थांबला. धर्मपालने ब्रेक दाबला, मग त्यावर सगळा भार टाकला, तरी गाडी आपली सरकतच राहिली. ट्रकच्या मागे बाहेर आलेली सळयांची टोकं काचेपासून वीतभर राहिली तेव्हा कुठे ती थांबली. टोकं बरोबर शेजारी बसलेल्या बायकोच्या, मायाच्या तोंडासमोर होती.

घरी आल्यावर, चपला काढता काढता, तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं की या गाडीत ती आता बसणार नाही. डोंगरगडच्या मेळाव्याला जायचं तर पॅसेंजरने जाऊ, नाहीतर घरी राहू.

दोन मेकॅनिकांनी गाडी पाहिली आणि छोट्या गाड्यांचे ब्रेक असेच असतात म्हणून हात झटकले. पण कारखान्यातल्या एकाने धर्मपालला सांगितलं की याच गाडीच्या मोठ्या भावंडाचे, म्हणजे त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे, पुढचे ब्रेक हिला बसतात. डिस्क मोठी, पॅड जाड, पकड दुप्पट. धर्मपालने सगळं नवं आणलं, खोक्यातलं, कोरं. भंगारातलं, दुसऱ्या कुठल्या गाडीचं काही घ्यायचं नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं. पुढे त्याला ही गोष्ट वारंवार आठवायची. दोष शोधायला निघालं की माणसाला काहीतरी जुनं, वापरलेलं, दुसऱ्याचं लागतं. इथे तसं काहीच नव्हतं.

२

हे एका रविवारचं काम होतं, असं त्याला वाटलं होतं.

घरापुढच्या टिनाच्या शेडखाली त्याने गाडी जॅकने उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या आणि चाकं काढली. पहिलाच बोल्ट निघेना. त्यावर तेल सोडलं, हातोडी मारली, पान्याच्या दांड्यात पाइप घालून त्याला लोंबकळला. शेवटी बोल्ट तसाच राहिला आणि त्याचं डोकं तेवढं गोल झालं. ते छिन्नीने तोडण्यात दिवस मावळला. पुढच्या रविवारी डिस्कला दोन्ही अंगांनी पकडणारे नवे कॅलिपर बसले, तर जुनी चाकं त्यांच्यावरून जाईनात, रिम घासायचं. मोठी चाकं शोधून आणली, तर रबरी नळी तोकडी पडली. नळी आणली, तर तिचा आटा वेगळा निघाला.

शेजारचे शामराव, अमरावतीकडचे निवृत्त पोस्टमास्तर, दर रविवारी कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकवून उभे राहायचे आणि झालं का म्हणून विचारायचे. माणूस साधा, मनात काही नाही. पण त्या दोन शब्दांनी धर्मपालच्या मस्तकात तिडीक जायची. गाडी आपली पुढचे पाय तोडल्यासारखी शेडमध्ये उभी. तो सायकलने ड्यूटीवर जायचा, आणि रोज संध्याकाळी फाटक उघडलं की पहिल्यांदा तीच दिसायची.

मायाने एकदा सुचवलं की गॅरेजवाल्याला बोलवा. त्यावर तो इतका तडकला की मुलगी, रुचिता, आतून पुस्तक घेऊन बाहेर आली आणि हिंदीतच म्हणाली की बाबा, मेरा पेपर है, थोडा धीरे.

तो पाना उचलून पुन्हा कामाला लागला.

३

सगळं बसलं आणि राहिली फक्त हवा काढायची. मालगाडीचा ब्रेक हवेवरच लागतो. इथे मात्र हवा म्हणजे वैरी. नळीतल्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला की पेडल पायाखाली ओल्या उशीसारखं दबतं आणि चाक काही धरत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन तिथलं हवा सोडायचं बारीक निपल सैल करायचं, हवा आणि तेल बाटलीत येऊ द्यायचं, निपल पुन्हा आवळायचं, आणि मगच आतल्याला पाय सोडायला सांगायचं. पाय आधी सुटला की बाहेरची हवा परत आत.

गाडी घोड्यांवर चढली आहे, ती जाणार कुठे, असं म्हणून त्याने मायाला बसवलं. तिने पदर खोचला आणि बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

असं बराच वेळ चाललं. बाटली भरत आली तरी बुडबुडे संपेनात. उठून त्याने स्वतः पाय ठेवून पाहिला, तर पेडल तसंच, पोकळ. तू पाय लवकर सोडते, असं तो तिच्यावर घसरला. तीही गप्प बसणारी नव्हती. "मी बरोबर दाबून राहिली. तुमचंच कुठं चुकून राहिलं ते पाहा," ती म्हणाली.

चुकलं होतंच. डाव्या बाजूचा कॅलिपर उजव्या चाकाला आणि उजवा डाव्याला बसला होता, त्यामुळे निपल वरच्या अंगाला असायचं ते खाली आलं होतं. हवा वर जाते. ती खालून कशी निघणार? आयुष्यभर ब्रेक केलेल्या माणसाची ही चूक. मायाला त्याने काही सांगितलं नाही. दात आवळून दोन्ही बाजू उतरवल्या, अदलाबदल केली आणि जेवण झाल्यावर तिला पुन्हा बसायला सांगितलं.

या वेळी काम जमलं. तो डाव्या चाकापाशी चटईवर कुशीवर झोपला होता. तोंड चाकाकडे, त्यामुळे डिस्क, नळी आणि बाटली यांच्यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. पण दिसायची गरजही नव्हती. दाब, दाबलं. धर, धरलं. दोघांना लय सापडली होती. बुडबुडे मोठे होते ते बारीक झाले, मग साबुदाण्याएवढे. कितीतरी दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. बायकोवर उगीच ओरडलो असं त्याला वाटलं, आणि निपल आवळता आवळता तो म्हणाला की आपण डोंगरगडला गाडीनेच जाऊ, तू पाहाच. आतून त्यावर काही उत्तर आलं नाही. रुसली असेल, असं म्हणून त्याने पुन्हा "दाब" म्हटलं.

"दाबलं."

"धर."

"धरलं."

त्याने निपल उघडलं. नळीतून तेल जोरात आलं. आणि तेवढ्यात फाटक वाजलं, आणि माया हातात भाजीची पिशवी घेऊन आत आली.

तेल यायचं थांबलं.

धर्मपाल चटईवरून मान वळवून तिच्याकडे पाहत राहिला. ती पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाली की बाजारात आज मटार चांगले मिळाले. मग त्याचा चेहरा पाहून थांबली.

"तू केव्हा गेली?"

"उजवं चाक झालं तेव्हाच. सांगून गेली ना मी. तुमीच हव म्हटलं."

४

असेल म्हटलं. कामाच्या नादात माणूस कशालाही हव, हो म्हणतोच.

रात्री अंथरुणावर, दुसऱ्या दिवशी कारखान्यात, सायकलवर, सगळीकडे तो हेच उलगडत राहिला. तेल वरच्या टाकीतून आपल्या वजनाने खाली येतंच. निपल उघडं असलं की टपकतं. दाबलेलं पेडल हळूहळू वर येतं तेव्हा थोडा दाब मागे राहूही शकतो. आणि आवाज? इतका वेळ तेच ते शब्द ऐकले की कान स्वतःच पुढचा शब्द लावून घेतो. कारखान्यात भोंगा बंद पडल्यावरही तो वाजतोय असं वाटतं ना, तसं.

पण तेल टपकलं नव्हतं. ते उसळून आलं होतं. आणि आवाज कुणाचा होता हे त्याला आठवेना. बंद गाडीतून येतो तसा, दबका, काचेमागचा. मायाचाच समजून त्याने ऐकला होता. आता आठवायला जावं तर तो बाईचा होता की पुरुषाचा, हेही धड सांगता येत नव्हतं.

त्याने सरळ मायालाच पुन्हा बोलवायचं ठरवलं. तिचे गुडघे धरले होते, नाही म्हणाली. रुचिताचे पेपर चालू होते, तिला विचारायची सोय नव्हती. काम मात्र थोडंच उरलं होतं, डावं चाक आणि तेही अर्धं. तसंच सोडलं तर सगळं वाया. या एवढ्याशा कामासाठी माणसापुढे हात पसरायचे, याचाच त्याला राग आला होता.

ड्यूटीवरून आल्यावर, ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं तेव्हा, त्याने गाडीत डोकावून पाहिलं. सीट रिकामी. पेडल वर. मग चटई अंथरली, चाकापाशी आडवा झाला, निपल उघडलं आणि वाट पाहिली. तेल थेंब थेंब आलं, त्याच्या हिशेबाप्रमाणे. त्याला बरं वाटलं. त्याने निपल आवळलं.

मग, आपणच आपली थट्टा करावी तसं, तो हळूच म्हणाला, "दाब."

आत सीटची स्प्रिंग करकरली.

"दाबलं."

तो ताडकन उठला. डोकं मडगार्डवर आपटलं. दार उघडून पाहिलं, तर सीट रिकामी, पेडल वर, स्टिअरिंगवर रुचिताने कधीतरी लावलेलं फुलपाखराचं स्टिकर. सीटवर हात ठेवून पाहिला. गरम होती. पण तापलेल्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीची सीट गरमच असणार.

५

माणसाने इथेच सोडायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. धर्मपालही नंतर तेच म्हणाला. पण कितीतरी रविवार घातले होते त्याने त्या गाडीवर, हाताची सालटं निघाली होती, बायको धड बोलत नव्हती, आणि काम पूर्ण व्हायला एका पायाची तेवढी गरज होती. तो पाय कुणाचा, हे विचारायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. किंवा विचारलं तर तो मिळायचा नाही, ही भीती होती.

दोन दिवस तो गाडीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून शामरावांनी झालं का म्हणून विचारलं, आणि तो चटई घेऊन सरळ चाकापाशी गेला.

"दाब," तो म्हणाला.

"दाबलं."

"धर."

"धरलं."

मायाच्या पायात कधी नव्हता इतका नेमकेपणा त्या पायात होता. एकसारखा दाब, ना कमी ना जास्त. सोड म्हटल्याशिवाय सुटायचा नाही. त्याने मान वर केली नाही, गाडीत पाहिलं नाही. पाहिलं तर सीट रिकामी दिसणार, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे त्याला कळलं होतं. शेवटी नळीत बुडबुडा म्हणून उरला नाही. नितळ तेल.

हात पुसत तो भिंतीपाशी आला तेव्हा शामराव तिथेच होते.

"मदतीले कोण आणला?" त्यांनी विचारलं.

धर्मपाल म्हणाला की भाचा आलाय, भिलाईहून.

"चांगलं हाय. पण सांगा त्याले, मान वर करून बसत जा म्हणा. सारा वेळ खाली पायाकडंच पाहून राहिला होता." आणि शामराव आत निघून गेले.

धर्मपालने गाडीची चारही दारं उघडली आणि अंधार पडेपर्यंत तशीच उघडी ठेवली.

६

ब्रेक असे लागले की बोलायची सोय नाही. घरामागच्या कच्च्या रस्त्यावर त्याने एकट्याने गाडी फिरवली, जोरात नेली, दाबली, आणि गाडी जागच्या जागी नाक खाली करून उभी. पेडल दगडासारखं. इतक्या दिवसांचा राग त्या एका धक्क्यात निघून गेला. घरी येऊन त्याने मायाला चक्क हात जोडून सांगितलं की एकदा बसून पाहा. तीही शेवटी माणूसच. सदर बाजारात तिला साडी फॉल लावायला टाकायची होती, बसली.

सदर बाजाराच्या गर्दीत, स्कूटर आणि हातगाड्यांच्या कोंडाळ्यातून गाडी लोण्यासारखी थांबत गेली. मायाने डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"चांगले लागून राहिले ब्रेक," ती म्हणाली. तिच्याकडून हे म्हणजे फार झालं.

त्याला हो म्हणायचं होतं. पण त्याच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली होती. गाडी थोडी आधी थांबत होती. तो पाय उचलून पेडलवर न्यायचा, तोवर पेडल खाली गेलेलं असायचं. केसभर आधी. एखादी म्हातारी आडवी आली, एखादा रिक्षावाला वळला, की त्याच्या पायाच्या आधी कुणीतरी ते पाहिलेलं असायचं. नवे ब्रेक आहेत, सवय नाही, त्याने स्वतःला सांगितलं.

परत येताना भनपुरीच्या रस्त्याला लागले. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, मागे माल भरलेला ट्रक. माया कधी नव्हे ती गप्पा मारत होती. डोंगरगडला कुणाकुणाला घ्यायचं ते ठरवत होती. आणि भर रस्त्यात, पुढे माणूस नाही की ढोर नाही, गाडी थांबली.

धर्मपालचा पाय ॲक्सिलेटरवर होता. त्याने तो आणखी दाबला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. मागून ट्रकचा भोंगा सुरू झाला, टायर रस्त्यावर किंचाळले. मायाने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला. पेडल अडकलं असेल म्हणून ते वर ओढायला त्याने पाय खाली घातला.

पाय पेडलला लागला नाही. तो दुसऱ्या एका पायावर पडला.

चपलेच्या पातळ तळव्यातून त्याला तो स्पष्ट कळला. उघडा पाय, वरची हाडं, ताणलेल्या शिरा. गरम होता, आणि मन लावून दाबत होता.

"सोड," धर्मपाल म्हणाला.

मायाने घाबरून त्याचा दंड सोडला. गाडी उडी मारून पुढे गेली. ट्रक डाव्या अंगाने घासत, आरसा तोडत निघून गेला. ड्रायव्हरची शिवी बराच वेळ हवेत राहिली. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केल्यावर माया रडायला लागली, आणि रडत रडत म्हणाली, "मले काहून सोड म्हटलं? मी तं तुमाले धरूनच होती."

७

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि सगळं उतरवायला काढलं. मायाने विचारलं, तर नट ढिला होता म्हणाला. तिने पुढे विचारलं नाही. कधी कधी बायका न विचारण्यातच सगळं विचारतात.

गाडी पुन्हा घोड्यांवर गेली. त्याने चाकं काढली, नळ्या सोडल्या, सगळं तेल बादलीत काढलं, दोन्ही कॅलिपर उतरवून खोक्यात घातले. जुने बसवायचे तर पुन्हा हवा काढावी लागणार होती, आणि त्या विचारानेच त्याचे हात थांबले. आता ही गाडी विकायची, आहे तशी. ब्रेकच नाहीत तर दाबायचं काय आणि कशाला. खात्री करावी म्हणून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि पायाने पेडल हलवून पाहिलं. ते मेल्यासारखं खाली गेलं आणि तिथेच राहिलं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. बाजूचं दार उघडंच होतं.

"दाब," खालून आवाज आला.

उजव्या चाकाच्या बाजूने. जिथे त्याची चटई होती. दबका, कामात असलेल्या माणसाचा, थोडा वैतागलेला आवाज. हा वैताग धर्मपालच्या ओळखीचा होता.

पेडल पायाखाली आपोआप वर आलं.

त्याने पाय उचलला. उघड्या दारातून खाली पाहायचं नव्हतं, तरी नजर गेली. दाराच्या कडेपलीकडे, चटईच्या टोकाला, एक टाच दिसली. भेगाळलेली, तेलाने काळी. चाकाखाली आडवं झालेल्या माणसाची असते तशी, थोडी बाहेर वळलेली. त्याला उतरायचं तर नेमकं तिथेच पाय ठेवावा लागणार होता.

तेवढ्यात माया ओले हात पुसत पायरीवर आली. जेवायला चला म्हणाली, आणि उत्तर आलं नाही म्हणून शेडमध्ये उतरून गाडीकडे यायला लागली. मोकळी जागा होती, सरळ दारापर्यंत येता आलं असतं. पण चटईपाशी आल्यावर तिने साडीचा काठ किंचित उचलला, बाजूला झाली, आणि झोपलेल्या माणसाचे पाय ओलांडू नयेत म्हणून आपण घेतो तसा वळसा घेऊन दारापाशी आली.

"तू वळसा काहून घेतला?" धर्मपालने विचारलं.

"कुठं?" ती म्हणाली. मग तिने खाली पाहिलं. नुसती चटई होती. तिने काठ सोडला नाही.

धर्मपाल दुसऱ्या बाजूच्या दाराने, गिअर ओलांडून, पोट घासत बाहेर पडला. पन्नाशीच्या नवऱ्याला असं उतरताना पाहून मायाला हसू फुटलं होतं, पण त्याच्याकडे नीट पाहिल्यावर ते तिथेच विरलं.

८

भनपुरीतला एक जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडी न्यायला तयार झाला. त्याचा माणूस उचलगाडी घेऊन सकाळी आला. चांगला चाळिशीचा, पान खाणारा, घाईत असलेला. धर्मपालने त्याला आधीच बजावलं की पुढे ब्रेक नाहीत, तेल नाही, पेडलला हात लावू नकोस, पायही नको. त्याने हव हव करत मान हलवली. रोज अशा गाड्या ओढणाऱ्या माणसाला कुणी काय शिकवावं.

चाकं कशीबशी बसवून गाडी घोड्यांवरून उतरवली. शामराव भिंतीशी होते, रुचिता खिडकीत. माया आत होती. तिला बाहेर यायचं नव्हतं. उचलगाडीवरच्या पोऱ्याने दोर पुढच्या आकड्यात अडकवला. तो माणूस स्टिअरिंग सरळ धरायला म्हणून गाडीत बसला. धर्मपाल शेडच्या खांबाला टेकून उभा होता. एवढ्यात ही फाटकाबाहेर जाईल, मग इथे आपण तुळशीच्या कुंड्या ठेवू, असं काहीतरी तो मनाशी बोलत होता.

त्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काकाजी," तो म्हणाला, "आपका आदमी नीचे से बोल रहा है, दबाओ. दबाऊँ क्या?"

धर्मपाल खांब सोडून पुढे धावला. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि गाडीखाली पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने नीट पाहिलं. पलीकडच्या बाजूने ऊन येत होतं. तेलाचा डाग होता, एक विसरलेला नट होता. त्या चार चाकांमध्ये दुसरं काही नव्हतं.

वर सीटची स्प्रिंग करकरली.

"हाँ," गाडीतला माणूस कुणाला तरी म्हणाला, "पकड़ लिया."